अकरा सेकंद मागचा कॅमेरा

"या पांढऱ्याफटक पडद्यावर तुम्हाला माणूस दिसला, साहेब? मला तर नुसता चुना दिसतोय," कॅमेरेवाली म्हणाली.

"बाई, तुम्हाला क्लिप लावायला बोलावलंय. वकिली करायला नाही."

असं म्हणून गोदामाच्या मॅनेजरने टेबलावरचा कागद पैलवानापुढे सरकवला. पैलवान नुसता नावाचाच. अंगावर मूठभर मांस नाही, बावीस वर्षं हमाली करून पाठ वाकलेली. काचेची थप्पी माझ्या धक्क्याने पडली आणि मी आपणहून काम सोडतोय, असं कागदावर लिहून तयार होतं. सही तेवढी राहिली होती, तीही जेवणाच्या सुट्टीआधी हवी होती.

क्लिप पुन्हा लागली. दार नंबर तीन. शटर बंद, थप्पी उभी, पैलवान लांब. शटर वर जातं, बाहेरचं ऊन भसकन आत येतं आणि पडदा पांढरा. सहा सेकंदांनी चित्र परत येतं तेव्हा काचेचा चुरा झालेला आणि पैलवान त्याच्या शेजारी उभा.

"आवाज आला म्हणून धावलो, ताई," पैलवान म्हणाला.

"सहा सेकंदांत? या वयात?" मॅनेजर हसला. "मग शर्यतीतच उतर की."

कॅमेरेवाली हसली नाही. बारा कॅमेरे, एक शिडी आणि नाकावर राग, एवढा तिचा संसार या गोदामात. लग्न झालं तेव्हा सासूने विचारलं होतं, "दिवसभर भिंतीकडे बघायला माणूस लागतं होय गं?" ती म्हणाली होती, "भिंतीकडे बघणारे पुष्कळ आहेत, आत्याबाई. ज्यांना दिसतं ते कमी."

खरी गोम उजेडाची होती. कॅमेरा ऑटोवर ठेवला की अंधाऱ्या गोदामात तो डोळा ताणून बसतो आणि शटर उघडलं की आंधळा होतो. म्हणून दारावरच्या कॅमेऱ्यांचा उजेड तिने हाताने बांधून टाकला होता. ऊन येवो की ढग, घ्यायचा तेवढाच घ्यायचा. चित्र जरा काळपट यायचं, पण तोंड कुणाचं ते कळायचं. मॅनेजरला तो काळपटपणा खुपला. वरचे साहेब येतात, पडदा कसा लख्ख हवा. टाका सगळे ऑटोवर. तिने तीन नंबर टाकला, कारण त्याचं चित्र मॅनेजरच्या टेबलासमोर दिसायचं. पलीकडच्या कोपऱ्यातून त्याच दारावर रोखलेला चार नंबर तसाच ठेवला. ना विचारलं, ना सांगितलं.

"चार नंबर लावते," ती म्हणाली.

"मी काढून बघितलंय त्या वेळेचं चित्र. काच आधीच पडलेली, भोवती गर्दी. त्यात काय बघायचं?"

"वेळ कोणती घातलीत?"

"तीन नंबरवर जी आहे तीच. दहा चौदा वीस."

"तिथंच फसलात. चार नंबर अकरा सेकंद मागे चालतो. तुम्ही बघितलंत ते काच पडल्यानंतरचं."

दर सोमवारी ती शिडीवर चढून प्रत्येक कॅमेऱ्यासमोर मनगटावरचं घड्याळ धरायची आणि कुणाची वेळ किती पुढे, किती मागे ते वहीत टिपायची. फोर्कलिफ्टवाले खालून ओरडायचे, "ताई, कॅमेऱ्याला औषध पाजताय का?" ती वही तिने टेबलावर आपटली. मग चार नंबरच्या पोटातल्या कार्डाकडे दहा चौदा नऊपासूनचे सहा सेकंद मागितले. सेकंदाला पंचवीस फ्रेम. एकेक पुढे सरकवत राहिली, तांदळातला खडा शोधावा तशी.

एकेचाळिसाव्या फ्रेमला थांबली.

शटर उघडं होतं, ऊन आत होतं, तरी सगळं स्वच्छ. फोर्कलिफ्टचा एक दात थप्पीखालच्या फळीत तिरपा घुसलेला. गाडीवर मॅनेजरचा मेहुणा, मान खाली, हातात मोबाईल. आणि पार मागे, थप्पीकडे पाठ करून, पैलवान झाडू मारतोय.

मॅनेजर खालच्या आवाजात म्हणाला, "पुसून टाका ते."

"नाही पुसणार."

"चार नंबर ऑटोवर टाका म्हणून सांगितलं होतं ना? हुकूम मोडलात. तुमची नोकरी जाऊ शकते, कळतंय का?"

"कळतंय. घाबरले असते तर साहेब, तुमच्यासारखा लख्ख पडदा करून गप्प बसले असते." तिने पैलवानापुढचा कागद ओढला, उलटा केला आणि पाठीमागे लिहिलं: चार नंबर मी मुद्दाम ऑटोवर टाकला नाही. खाली तारीख, खाली ठसठशीत सही. "घ्या. तुम्हाला आज कुणाची तरी सही हवीच होती."

एकेचाळीस नंबरची फ्रेम तिने छापली आणि हजेरीच्या फळ्यावर चार टाचण्यांनी लावली. जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांनी ती बघितली. मेहुणा तेवढा जेवायला आला नाही. मॅनेजरने पैलवानाची माफी मागितली नाही, नुसतं "जा, कामाला लाग" म्हणाला. कॅमेरेवालीला मात्र दुपारी मेमो आला. तिने तो वाचला, चार घड्या घालून खिशात कोंबला आणि शिडी खांद्यावर टाकली. सात नंबरच्या काचेवर कोळ्याने जाळं धरलं होतं.

ती अर्ध्यावर चढली तोच खालून हॉर्न वाजला. मेहुणाच होता, फोर्कलिफ्टवर.

"बाई, शिडी काढा. गाडी न्यायचीय."

"थांब," ती वर बघतच म्हणाली आणि कापडाने काच पुसू लागली.