पाचपैकी तीन तारे

मला एकच प्रश्न सोडवायचा होता : गेल्या एप्रिलमधल्या त्या दुपारी आमच्या खोलीत गूळ-पाणी कोणी आणले? जयसिंगपूरच्या शाळेत मी तीस वर्षे गणित शिकवले. असल्या अतर्क्य गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. आजही ठेवावासा वाटत नाही...

कोल्हापूरला देवदर्शनाला गेलो की आम्ही स्थानकाजवळच्या एकाच हॉटेलात उतरतो. तेथे बाबूमामा नावाचे वृद्ध कर्मचारी होते. पाहुणा उन्हातून आला की नाव विचारण्याआधी त्याच्या हाती गूळ-पाणी देत. त्या दुपारी मात्र मामा दिसले नाहीत. काउंटरवर नोंदणीचे यंत्र होते आणि खोलीत सेवा मागवण्यासाठी टॅब.

खोलीत शिरलो आणि माझ्या मधुमेही पत्नीची साखर एकदम उतरली. घाम, थरथर, शब्द अडखळू लागले. टॅबवर मदत मागितली. ‘आपली विनंती नोंदवली आहे’ – तीनदा हेच उत्तर. फोन कोणी उचलेना. तिला एकटी टाकून खाली जाण्याचे धैर्य होईना.

तेवढ्यात पाठीमागून आवाज आला, “सरा बाजूला, गुरुजी! काचंवर बोटं काय घासालाय? आदी बाईस्नी पाजा की!”

बाबूमामाच! हातातल्या तांब्यात गूळ विरघळवलेला होता. घोट-घोट पाजले, तशी ती सावरली. वळून पाहतो तर तांब्या टेबलावर, मामा नाहीत. टॅबवर मात्र झळकत होते – ‘सेवा पूर्ण झाली. कृपया तारे द्या.’

व्यवस्थापकाने दाराच्या डिजिटल कुलपाची नोंद दाखवली. आम्ही आत गेल्यावर दार उघडलेच नव्हते.

“आणि मामा कुठनं येतील, सर? त्यांना गेल्या वर्षी मे महिन्यातच कमी केलं. रेटिंग पडलं त्यांचं.”

“किती पडलं?”

“पाचपैकी तीन. चारच्या खाली चालत नाही. एकच फॉर्म आलेला त्यांच्या नावावर... बाकीचे कोण भरतंय?”

तो फॉर्म मागच्या खेपेस मीच भरला होता. आमच्या हिशेबी साठ टक्के म्हणजे प्रथम श्रेणी. पैकीच्या पैकी गुण मी कोणालाच दिले नाहीत.

व्यवस्थापकाकडून पत्ता घेऊन दुसऱ्या दिवशी कोडोली गावी मामांचे घर शोधले. महिनाभर ते अंथरुणावरून उठलेले नाहीत, असे सूनबाईंनी सांगितले. मी तोंड उघडण्याआधीच मामा म्हणाले, “बाईंची थरथर थांबली न्हवं?”

मी ताऱ्यांची कबुली दिली. मामा हसले.

“व्हय, तुमचं नाव दावलं हुतं मला. मला वाटलं, गुरुजींनी पास केलं.”

कुलूप खरे की तांब्या, याचे उत्तर मला अजून सापडलेले नाही. वाचकांना विनंती एवढीच : आपण उतराल त्या हॉटेलात, तीन तारे मिळालेल्या माणसाचे पुढे काय होते, हे काउंटरवर स्वतः विचारून पाहा.