नियम एक्केचाळीस

१२ जून १९६८ रोजी मावशींचा पगार महिना १४२ रुपये ५० पैसे होता आणि ज्या कटिंग मशीनवर त्या उभ्या होत्या, त्या मशीनवरच्या माणसाचा १९८. तो माणूस, म्हणजे कटिंगमास्तर, मेअखेर निवृत्त झाला होता. त्याचा हात थरथरायला लागल्यापासून सहा वर्षं मशीन मावशीच चालवत होत्या. कागदोपत्री मात्र त्या छापील कागदांच्या घड्या घालणाऱ्या.

जागा रिकामी होताच त्यांनी अर्ज दिला. मॅनेजरांनी "बघू, बघू" म्हणत अकरा दिवस काम करून घेतलं आणि बाराव्या दिवशी नियमावली उघडली. छापखाना गोऱ्या साहेबांनी काढलेला. साहेब बोटीत बसून गेले, नियमावली राहिली.

"नियम एक्केचाळीस. बायकांना पात्याच्या मशीनवर नेमू नये. माझा नाइलाज आहे, मावशी. तुम्ही आपलं चालवताय तसं चालवत राहा."

मावशींनी पुस्तक हातात घेऊन कडेवरून अंगठा फिरवला. "मागच्या वर्षी नव्यानं बांधलं हे. कडा मीच कापल्यात. सरळ आहेत ना?"

"आहेत की."

"म्हणजे नियम मोडला मी. आता नाही हो मोडणार."

ॲप्रन खुंटीला अडकवून त्या घड्यांच्या टेबलाशी जाऊन बसल्या.

घरी मुलगी घाबरली. "आई, काढून टाकलं तर?"

"नियम पाळला म्हणून? काढू देत, मलाही बघायचंय."

इकडे नऊ हजार शाळेची पुस्तकं कापायची पडून होती. दोघा गड्यांनी हात चालवून पाहिला. कडा इतक्या तिरक्या, की पानांचे आकडेच उडाले. सहाव्या दिवशी मॅनेजर स्वतः टेबलाशी आले.

"मावशी, सोमवारी शाळा उघडतायत. पाया पडू का आता?"

"पाया कशाला? पत्र द्या."

मॅनेजरांनी मालकांना फोन लावला. मालकांनी एवढंच विचारलं, "सरळ कापते का?"

दुपारी पत्र टाइप झालं: नियम एक्केचाळीस रद्द, जागा मावशींची, पगार १९८. मावशींनी ते दोनदा वाचलं आणि ॲप्रन चढवला. पुढे एकोणीस वर्षं त्या मशीनवर होत्या. चार मुली त्यांच्या हाताखाली तयार झाल्या.

पत्र अठरा जूनपासून लागू होतं. आधीच्या अकरा दिवसांच्या फरकाचे २० रुपये ३५ पैसे छापखान्याकडून अजून यायचे आहेत.