मरियामातेचा चेहरा

सासूबाईंचा एकच नियम होता: चित्रातलं आकाश कुणीही करा, झगा कुणीही करा, चेहरा मात्र त्या करणार. मोहरीहून बारीक काचेचे तुकडे चिमट्यानं उचलून लुकणाच्या ओल्या, चिकट थरात बसवत त्यांनी चाळीस वर्षांत कितीतरी येशू, मरिया आणि संत घडवले होते. तळहाताएवढ्या चित्राला चार महिने लागत. सासरे त्याभोवती दगडाची कोरीव चौकट करत. "माझ्या चौकटीशिवाय तुझे संत घरंगळतील," असं ते म्हणत. "चौकट नसली तर लोक चित्राकडे तरी बघतील," असं उत्तर मिळे.

"मला जमत नाही" हे शब्द सासूबाईंच्या तोंडून कुणी ऐकले नव्हते. एकदा त्या बंद पडलेलं घड्याळ दुरुस्त करायला बसल्या. ते जोडून झाल्यावर दोन चाकं उरली, तर म्हणाल्या, "जास्तीचीच होती."

यंदा इस्पितळातल्या प्रार्थनाघरासाठी मरियामातेचं काम आलं आणि सुनेच्या लक्षात आलं की सासूबाईंचा हात थरथरतो. मरियेचा डावा डोळा कपाळाकडे निघाला होता. हे त्यांना सांगायचं कुणी? नवरा "तुम्ही दोघी बघून घ्या" म्हणून सटकला. लुकण आठवडाभर मऊ राहतं, मग दगड होतं आणि चूक कायमची बसते. शेवटी दुपारी सासूबाई आडव्या झाल्या की सून गुपचूप तुकडे काढून पुन्हा बसवू लागली. पहिल्या दिवशी डोळा आणि नाक, मग गाल, मग ओठ. पकडली गेली तर चेहऱ्याचं काम जन्मात मिळणार नव्हतं. पण त्याहून मोठी भीती सासूबाईंचं मन मोडण्याची होती, कारण त्या कितीही करवादल्या तरी तिचा त्यांच्यावर जीव होता.

चित्र भिंतीवर चढलं. फादरनी चष्मा पुसून ते पुन्हा पुन्हा पाहिलं आणि म्हणाले, "चाळीस वर्षं झाली, पण हात तोच!"

"तो नाही," सासूबाई म्हणाल्या. "गालावरचे तुकडे बघा, उलट्या बाजूला कलतात. आमच्या घरात डावखुरी एकटी सूनच आहे. चेहरा तिनं केलाय. मी करत होते, पण मला जमला नाही."

सुनेला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. सासरे चौकटीवरची नसलेली धूळ पुसू लागले.

बाहेर पायऱ्यांवर तिनं विचारलं, "आई, तुम्हाला कधी कळलं?"

"पहिल्याच दिवशी. नाक जरा लांब केलंस."

"मग बोलला का नाहीत?"

"बोलले असते तर तू थांबली असतीस."