शाकारलेली गाडी

शनिवार, ९ ऑगस्ट २०२५. पहाटे एक सर, मग उघडीप. काल नारळी पौर्णिमा झाली, म्हणून शेजारच्या रावजींनी आज गाडी बाहेर काढली. त्यांची बायको येसूबाई, सून अमिषा आणि मी, अशा तिघी त्यांच्याबरोबर अलिबागला निघालो. चौलपर्यंत पोहोचलो. चष्मा आणायचा राहिला.

रेवदंड्याच्या हेमांगीबाईंनी रोजनिशीत दुपारी एवढंच लिहिलं. चौल म्हणजे रेवदंड्याला लागूनच; तेवढं तर माणूस बाजाराची पिशवी घेऊन चालत जातं. गाडी त्यापुढे का गेली नाही, ते त्यांनी लिहिलं नाही. शेजाऱ्यांची उणीदुणी कागदावर उतरवायची नाहीत, असं त्यांना शाळेतल्या सिस्टरांनी शिकवलं होतं. पण आळीतली बाकीची माणसं सिस्टरांच्या शाळेत गेलेली नव्हती. त्यामुळे दुपारच्या जेवणाआधीच सगळ्यांना सगळं कळलं होतं.

रावजी जन्मभर तांडेल होते. तांडेल म्हणजे होडीचा धनी आणि कप्तान; सुकाणू त्याच्या हाती आणि शब्दही त्याचाच. त्यांची ‘एकविरा प्रसाद’ रेवदंड्याच्या खाडीतून बाहेर पडायची तेव्हा रावजी असे उभे राहायचे, की समुद्रानं त्यांना विचारूनच भरती आणली असावी. पुढे गुडघ्यानं दगा दिला आणि त्यानंतर होडीही गेली. मुलानं, परेशनं, न्हावा शेवाच्या बंदरात नोकरी धरली होती. म्हातारा घरात बसून आईला छळणार, हे ओळखून त्यानं एक पांढरी छोटी गाडी घेऊन दिली.

रावजी गाडी चालवायला शिकले, परवानाही मिळवला. पण गाडी ही होडीपेक्षा काही वेगळी वस्तू आहे, हे मात्र कोणी त्यांना पटवू शकलं नाही.

पहिल्याच आठवड्यात होड्या रंगवणाऱ्या माणसाला बोलावून गाडीच्या दोन्ही बाजूंना ‘एकविरा प्रसाद’ लिहून घेतलं, खाली दोन मासे काढून घेतले. हँडब्रेकला ते नांगर म्हणत. तो ओढूनही मन भरत नसे, म्हणून रात्री गाडीचा मागचा हूक दोराने माडाला बांधून ठेवत. आणि जून लागला, मासेमारी बंद झाली, किनाऱ्यावरच्या होड्या वर ओढल्या गेल्या, की रावजींची गाडीही बंद. होड्यांवर नारळाची झापं घालून त्या शाकारतात, तशी तेही गाडी शाकारत. बांबूचा सांगाडा, त्यावर झापं, झापांवर जुनं जाळं. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ दिल्याशिवाय ती झापं निघत नसत. मग पावसात कोणाला ताप येवो की कोणाचं लग्न असो.

“अवो, ती गाडी हाय का तारू?” येसूबाई दरवर्षी विचारत.

“पावसात कोन शाना मानूस भाईर काडतो?” रावजी दरवर्षी सांगत.

“सगली दुनिया काडते!”

“दुनियेला दर्या ठावं न्हाय.”

इथवर सगळं ठीक होतं. पण होडी वर ओढली की तिला तेल पाजतात. मुशी माशाच्या काळजाचं तेल, काळपट, दाट, तीन घरं पलीकडे नाकात शिरणारं. लाकूड त्यानं टिकतं, ही वाडवडिलांची खात्री. गाडीला लाकूड नव्हतं. रावजींनी सगळीकडून पाहिलं, विचार केला आणि ते तेल टायरांना लावलं. चारही टायर, डिकीतली स्टेपनी, चाकांचे नट, सगळं दरवर्षी चोळून चोळून. टायर असे चकाकत की बघणारा थबकायचा. थोडं जवळ गेला की मागे सरायचा.

आळीतली मांजरं मात्र मागे सरत नव्हती. पावसाळाभर ती गाडीखाली मुक्कामाला असत आणि पाळीपाळीनं टायर चाटत. हेमांगीबाईंची स्वतःची मांजर, जिला घरात बशीतलं दूध जरा गार असलं तरी चालत नसे, तीही त्यात असायची.

मग घरात अमिषा आली. परेशची बायको, उरणकडची. तिच्या माहेरी पूर्वी मिठागरं होती, आता बंदरात जाणारे ट्रेलर. लहानपणी बाकीच्या मुली भातुकली खेळत तेव्हा ती बापाच्या आवारात टायर लोळवत होती. पहिल्याच पावसाळ्यात तिनं झापांखाली डोकं घातलं, वास घेतला आणि नाकाला पदर लावून बाहेर आली.

“बाबा, टायरला तेल नाही लावत. रबर खातं ते.”

“मना शिकवतेस, बाय? तुज्या बापाचं ट्रेलर पान्यावर चालतान काय?”

“नाही. म्हणूनच सांगते.”

येसूबाई पदराआड हसल्या. रावजींनी त्या दिवशी टायरांना आणखी एक हात दिला.

यंदा मात्र परेशनं मनावर घेतलं होतं. गणपती तोंडावर आले की मुंबईची पाहुणी माणसं येतात, तेव्हा गाडी हवी. आणि बाबांची गाडी ऐनवेळी काहीतरी करते. गावातला अल्पेश ती गाडी घ्यायला तयार होता. परेश फोनवर स्पष्ट बोलला: “पौर्णिमेनंतरची पहिली फेरी नीट झाली तर ठेवा. वाटेत बंद पडली तर त्याच दिवशी अल्पेशला हो म्हणतो. अमिषा सोबत जाईल, ती सांगेल मला.”

रावजींनी फोन ठेवला आणि बराच वेळ माडाकडे बघत बसले. गाडी गेली तर ते कुठेही जाऊ शकले असते, रिक्षा होत्या, एसटी होती. पण मागच्या सीटवर. जन्मभर ज्यानं दुसऱ्यांना ‘बस खाली’ सांगितलं, त्याला आता रिक्षावाला ‘काका, जरा सरका’ म्हणणार, हा विचार त्यांच्या घशाखाली उतरत नव्हता.

म्हणून शनिवारी सकाळी त्यांनी कसलीच कसर ठेवली नाही. गाडीपुढे नारळ फोडला, झेंडूची माळ घातली, दोर सोडला. येसूबाईंना अलिबागच्या कोळीवाड्यात भावाला राखी बांधायची होती. त्या पुढे बसल्या. हेमांगीबाईंचा चष्मा तिथल्या दुकानात तयार होता. त्या आणि अमिषा मागे बसल्या. गाडी निघाली तशी चार मांजरं कोपऱ्यापर्यंत पोचवायला आली.

आळीच्या बाहेर पडताच गाडी धडधडू लागली. धप्, धप्, धप्, एका ठेक्यात.

“रावजी,” हेमांगीबाईंनी पर्स घट्ट धरून विचारलं, “हा आवाज कसला?”

“लाट हाय जराशी, बाई. भाईर निंगालो की शांत व्हईल.”

“डांबरावर?”

“रस्ता खराब हाय,” रावजींनी लगेच दिशा बदलली.

चाक एकाच जागी महिनोन्‌महिने दबून राहिलं की तिथं चपटं होतं आणि मग दर फेऱ्याला आदळतं, हे अमिषाला माहीत होतं. पण आज परेशला काय सांगायचं ते तिच्या हातात होतं, आणि सासऱ्याची मान मागून बघताना तिला बोलवेना. ती मान फारच ताठ होती.

चौलात, सुपारीच्या वाड्यांमधून रस्ता जातो तिथं, मागचं डावं चाक फुस्स करून बसलं. गाडी कलली. रावजींनी अगदी शांतपणे ती कडेला घेतली, नांगर ओढला आणि जाहीर केलं, “खिला लागला.”

सगळे उतरले. खिळा काही दिसेना. रावजींनी चाकाभोवती दोनदा शोधलं, मग रस्त्यावर मागे जाऊन शोधलं. येसूबाईंनी तेवढ्यात अलिबागकडे जाणाऱ्या रिक्षाला हात केला.

“कुटं चाललीस?”

“भावाकडं. तुमचा दर्या खवलला, म्या दुसऱ्या तारवानं जाते.” राखीची पिशवी छातीशी धरून त्या चढल्या आणि जाता जाता ओरडल्या, “सुनंचं ऐका जरा!”

अमिषानं पदर खोचला, डिकीतून जॅक आणि पाना काढला आणि नट सैल करायला बसली. रावजी, “र्‍हाऊ दे, मी करतो,” म्हणत खाली बसू लागले. गुडघा अर्ध्यातच अडला आणि ते वाकलेले तसेच राहिले. सुटे नट ठेवायला काही नव्हतं, तेव्हा हेमांगीबाईंनी आपला निळ्या साडीचा पदर पुढे केला. नटांनाही ते तेल होतंच.

स्टेपनी काढताना रावजींचा चेहरा पडला. तिच्यात हवा भरल्याचं त्यांना आठवत नव्हतं. त्यांनी अंगठ्यानं दाबून पाहिलं. घट्ट होती.

“हिच्यात हवा कशी?”

“परवा भरून आणली,” अमिषा पान्यावर जोर देत म्हणाली. “तुम्ही दुपारचे झोपला होतात. स्कूटरवर नेली. वाटेत तीन कुत्री मागे लागली.”

रावजींना यावर राग यायला हवा होता. तो यायला निघाला होता, पण वाटेत कुठेतरी थांबला.

निघालेलं चाक अमिषानं त्यांच्यापुढे उभं धरलं आणि टायरची बाजू दोन्ही अंगठ्यांनी वाकवली. वरची चकाकी फाटली आणि आत बारीक बारीक भेगा उघडल्या.

“खिळा नाही बाबा. हे बघा. नक्षी अजून नव्यासारखी आहे, गाडी फिरलीच कुठे? पण रबर म्हातारं झालंय. एका जागी उभं राहून आणि तेल खाऊन.”

रावजी वाकून बघत राहिले. हेमांगीबाईंना वाटलं, आता दर्याच्या दुनियेवर भाषण होणार. पण त्यांचा आवाज वेगळाच आला.

“सांदं उगडलं,” ते म्हणाले.

“काय?”

“होडीचं सांदं उगडतान तसं. पान्यात असली की फली फुगती, सांदं बंद र्‍हातान. वालूवर सुकत ठेवली की हे असं.” त्यांनी भेगेवरून बोट फिरवलं. “मांगं माजा गुडगा गेला तवा येक हंगाम होडी वालूवर र्‍हायली. दिपेश मागत होता, माजा पुतन्या. मी न्हाय दिली. म्हटलं, माजी होडी दुसऱ्याच्या हातात? तेल मातुर रोज पाजलं. हंगाम सरला तवा फलीतनं उजेड दिसत होता.”

वाडीत कोणीतरी सुपारी उतरवत होतं, तिचा घड धप्पकन पडला.

“उभी ठेवून वाचत न्हाय,” रावजी म्हणाले. म्हणाले ते अशा थाटात, की हे अमिषालाच नव्यानं सांगत असावेत. “चालती ठेवाय लागती, बाय. ध्यानात ठेव.”

“हो बाबा,” अमिषा गंभीरपणे म्हणाली. “आठवड्यातून एकदा तरी. पावसातसुद्धा.”

“पावसात?” रावजी सरळ झाले. “पावसात मी न्हाय काडनार. वाडवडलांनी कदी—”

“मी काढीन. बापाच्या आवारात ट्रेलर मागे घेतलाय मी. तुम्ही शेजारी बसा. रस्ता कुठं खराब, कुठं पाणी साचलं, ते तांडेलानं सांगायचं. मी नुसतं सुकाणू धरते.”

तेवढ्यात तिचा फोन वाजला. परेश. तिनं लगेच उचलला नाही; फोन हातात धरून सासऱ्याकडे पाहिलं. रावजी एका सुपारीच्या शेंड्याकडे बघत होते, जणू तिथं वारा कुठून येतो ते लिहिलेलं होतं. मग त्यांनी खिशात हात घातला, चावी काढली आणि तिच्याकडे न बघताच पुढे केली. आजवर ती चावी येसूबाईंनीही हातात घेतलेली नव्हती.

अमिषानं चावी घेतली आणि फोन कानाला लावला.

“हां, बोला... नाही, बंद नाही पडली. थांबलो आहोत... गाडीला काय धाड भरली? टायर म्हातारे झालेत, गाडी नाही. चारही बदलायचे, स्टेपनीसकट पाच. सोमवारी नेते मी... हो, मी. बाबांनीच सांगितलं, चालती ठेव म्हणून... अल्पेशदादांना सांगा, दुसरी बघा.”

रावजींनी सुपारीचा शेंडा सोडून दिला.

उरलेले टायरही त्याच वयाचे, म्हणून अलिबाग रद्द झालं आणि गाडी हळूहळू घराकडे वळली. अमिषा चालवत होती, रावजी शेजारी पुढे झुकून बसले होते.

“डावीकडं खडक हाय! डावीकडं!”

“खड्डा आहे बाबा, दिसला.”

“खड्डा असो का खडक, बुडवतो त्यो खडकच. आता सरल. हळू... शाब्बास.”

मागे हेमांगीबाई एकट्याच बसल्या होत्या. कोपऱ्यावर मांजरं उभी होती. गाडी आलेली बघून ती शेपट्या वर करून पुढे आली, पण टायरांकडे गेली नाहीत. हेमांगीबाई उतरताच सगळी त्यांच्या मागे निघाली.

त्या संध्याकाळी रोजनिशीच्या पानावर शेवटची ओळ आली:

निळी साडी दोनदा साबणानं आणि एकदा लिंबानं धुतली. पदराचा वास गेला नाही. दोरीवर घातली आहे; मांजर तिच्याखालून हलत नाही.