'संपलं' न म्हणणारं घर

सर्व संबंधितांस अत्यंत गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, दुसरबीडच्या आमच्या घरात आजवर एकही वस्तू संपलेली नाही. मीठ नाही, चहापत्ती नाही, गॅससुद्धा नाही.

कारण 'संपलं' म्हणायला आईची बंदी आहे. म्हटलं की घरातली बरकत जाते. एखादा डबा तळाला गेला की ती नुसती गप्प होते, बाकीच्यांनी ओळखायचं. त्यामुळे मला दिसेल ते झाकण उचलून बघायची खोड लागली आहे. दुसऱ्याच्या घरीही हात शिवशिवतो.

मागच्या रविवारी बहिणीच्या सासरचे लोक शेगावहून दर्शन घेऊन परतताना आमच्याकडे जेवायला थांबणार होते. लेकीच्या सासरपुढं काही कमी पडू नये, म्हणून आई पहाटेपासून रोडगे भाजत होती आणि मी वांग्याच्या भाजीच्या गंजावरचं झाकण उचलत होतो.

"अबे, किती डाव पाहून राह्यला? वाफ जाते ना!"

तेवढ्यात इंग्रजीचे शब्द पाठ करणारी माझी मुलगी म्हणाली, "बाबा, डिप्लीटेड म्हणजे?"

मी पळी उंचावली. "दुकानातून आणलेला कोरा डबा तो एम्प्टी. पण जो भरलेला होता आणि वापरून वापरून सं..." आईनं वर पाहिलं. "...तळाला गेला, तो डिप्लीटेड. मोबाइलची बॅटरी. मे महिन्यातली बोअर. कापूस घेऊन घेऊन दमलेलं वावर."

"तुमचे केस?"

"वापर अचूक आहे," मी पळी खाली केली.

आई रोडगा उलटत म्हणाली, "अन् हे इंग्रजीत बोललं त बरकत जाते का?"

"बरकतीला इंग्रजी कुठं येतं, आई?"

दहा जण येणार होते, सोळा आले. वाढायला मी. आग्रह करताना मला अंगात आल्यासारखं होतं. बहिणीच्या सासऱ्यांनी ताटावर आडवा हात धरला, तर मी त्यांच्यापुढं बसकणच मारली. "मामाजी, लाजता काय? गंजभर भाजी आहे आत! माझ्या गळ्याची शपथ!" चौथ्या शपथेला त्यांनी हात काढला.

"बरं, वाढा मग. रस्सा जरा जास्त."

मी आत धावलो. आई गंजाच्या झाकणावर दोन्ही हात दाबून उभी होती. गप्प.

"आई, दे ना. मामाजी थांबलेत."

गप्पच. मी गंज ओढला, तिनं परत ओढला. बाहेर सोळा माना दाराकडे वळल्या. माझ्या शपथा आठवून मला घाम फुटला, आणि घाम फुटला की माझा आवाज चढतो.

"आई, भाजी काऊन देऊन नाही राह्यली?"

तिचे ओठ हलले, मिटले, पुन्हा हलले. मग ती सगळ्यांदेखत ओरडली,

"अबे, डिप्लीटेड झाली ना भाजी!"