एकोणचाळीसच लिहा

मोजणीबाईचं खरं नाव हजेरीपटात होतं आणि ते तिथंच राहिलं. नगरपालिकेच्या इस्पितळातल्या धुलाईघरात सव्वीस वर्षं ती मोजायचं काम करत होती. वॉर्डातून किती चादरी मळून आल्या, किती धुऊन वर गेल्या, किती फाटल्या. लांब लोखंडी टेबल, टेबलाच्या एका टोकाला जाड वही आणि दुसऱ्या टोकाला ती. मशीनची घरघर चालूच असायची, इस्त्रीच्या रुळांतून वाफा निघायच्या, तरी तिचा आकडा कधी चुकायचा नाही. मध्येच कुणी काही विचारलं तर ती ओठ मिटून नुसती मान हलवायची आणि दहाचा गठ्ठा पुरा झाला की मगच तोंड उघडायची. नवीन माणसांना वाटायचं, बाई शिष्ट दिसते. शिष्ट नव्हती हो, अर्ध्या गठ्ठ्यात होती.

तिची एक खूण होती. फाटकी चादर हाती लागली की ती गठ्ठ्यात आडवी ठेवायची. नऊ उभ्या घड्यांत एक आडवी दिसली की शिवणाऱ्या बायका न विचारता ती उचलून नेत. या खोलीत ‘आज आडव्या किती?’ असं विचारलं जायचं आणि सगळ्यांना कळायचं. बाहेरच्या माणसाला कळलं नसतं, पण बाहेरचं माणूस धुलाईघरात येतंय कशाला!

आणि एक दिवस आलं. म्हणजे आधी सूचना आली. नगरपालिका आणि एक मोठी कंपनी यांनी करार केला होता. जागा आणि माणसं इस्पितळाची, टॅब्लेट आणि शिक्षिका कंपनीची. महिन्याभरात धुलाई आणि सफाई मिळून चाळीस जण डिजिटल साक्षर होणार आणि पुढच्या महिन्याच्या एक तारखेपासून वह्या बंद. ज्याला टॅब्लेटवर नोंद जमणार नाही त्याला जिने पुसायला पाठवणार, हेही खाली बारीक अक्षरात होतं. मोजणीबाईनं ती बारीक ओळ दोनदा वाचली. सव्वीस वर्षं ज्या टेबलापाशी उभं राहून पाय सुजवले, ते टेबल एका काचेच्या पाटीपायी जाणार म्हणजे काय?

“शिकते की,” ती म्हणाली. “मला काय धाड भरलीय?”

वर्ग दुसऱ्या मजल्यावरच्या सभागृहात भरायचा. शिक्षिका तिच्या मुलीच्या वयाची होती, चुणचुणीत, गोड बोलणारी. “मावशी, इथे दाबा. इथे नाही, इथे. थांबा, द्या इकडे, मी करते.” आणि टॅब्लेट हातातून जायचा. दोन सेकंदांत काम झालेलं असायचं. मावशीला दिसायचा तो फक्त शिक्षिकेच्या बोटाचा नखरंग.

घरीही तेच. फोन हातात घेऊन ती चाचपडायला लागली की मुलगी पाठीमागून म्हणायची, “आई, दे इकडे. तुझं होईपर्यंत उजाडेल.” या ‘दे इकडे’नं जगात जितकी माणसं अडाणी ठेवली असतील, तितकी शाळा नसल्यानंही ठेवली नसतील. वर गंमत अशी, की करणाऱ्याला वाटतं आपण मदत केली.

महिना संपला. परीक्षा झाली, दहा प्रश्नांची. शिक्षिकेला पाच वाजेपर्यंत चाळीस निकाल कंपनीला पाठवायचे होते आणि चार वाजता अजून सव्वीस जण रांगेत उभे होते. मग ती बिचारी काय करणार? टॅब्लेट स्वतःच्याच हातात ठेवून ती एकेकाला प्रश्न वाचून दाखवायला लागली आणि उत्तरही स्वतःच दाबायला लागली. मोजणीबाईला दहापैकी नऊ मिळाले. तिनं काचेला बोटसुद्धा लावलं नव्हतं.

“नऊ!” इस्त्रीवाला खूश होऊन म्हणाला. तो तिच्या शेजारच्या रुळापाशी पंधरा वर्षं उभा होता आणि त्याला स्वतःला दहा मिळाले होते. “अहो बाई, तोंड काय पाडताय? कागद मिळतोय, घ्यायचा आणि पेटीत ठेवायचा.”

पण मोजणीबाईनं त्या कागदाचं पुढे काय होतं ते पाहिलं होतं. स्वयंपाकघराची तुकडी दोन महिने आधी याच शिक्षिकेकडे शिकून मोकळी झाली होती. तिथली आचारीण तिची जुनी मैत्रीण, दुपारचा डबा दोघी एकत्र खात. आचारणीनं एका सकाळी टॅब्लेटवर मुलांच्या वॉर्डाचं दूध मागवलं ते चुकून बंद असलेल्या वॉर्डाच्या नावावर. मुलं अकरापर्यंत दुधावाचून राहिली. संध्याकाळी आचारणीच्या हातात नोटीस पडली. ‘रीतसर प्रशिक्षण घेतलेले असूनही आपण हयगय केली, याचे कारण दाखवा.’ आणि पुरावा म्हणून टाचणीनं जोडलेली तिच्याच प्रमाणपत्राची प्रत. आचारीण डबा तसाच बंद करून रडली होती. “मला येत नाही म्हणायची पण सोय राहिली नाही गं,” ती म्हणाली होती. “माझ्याच नावाचा कागद आहे.”

‘असूनही.’ मोजणीबाईच्या डोक्यात हा एकच शब्द घुसून बसला.

समारंभ शुक्रवारी झाला. व्यासपीठावर अधीक्षक, त्यांच्या शेजारी कंपनीचे व्यवस्थापक, मागे मोठा फलक, समोर चाळीस खुर्च्या. भाषणं झाली. सरकारनं आणि उद्योगानं हातात हात घालून दरी कशी बुजवली, ते दोघांनी आळीपाळीनं सांगितलं. मग नावं पुकारली जाऊ लागली. एकेकानं जायचं, कागद घ्यायचा, फोटोकडे बघून हसायचं.

मोजणीबाईचं नाव आलं. ती वर गेली. कागद पुढे आला आणि तिनं दोन्ही हात पाठीमागे बांधले.

“मी हा घेणार नाही,” ती म्हणाली. “मला येत नाही.”

व्यवस्थापक हसले. त्यांना वाटलं, बाई लाजते आहे. “असं कसं? तुम्हाला नऊ गुण आहेत!”

“ते नऊ या पोरीचे आहेत. तिला द्या. हुशार आहे ती.”

सभागृहात कुणीतरी फिस्सकन हसलं. शिक्षिकेनं मान खाली घातली. अधीक्षक पुढे झुकून हळू आवाजात म्हणाले, “बाई, आपण नंतर बोलू.”

“नंतर तुम्ही भेटत नाही साहेब. नंतर नोटीस भेटते.”

“अहो, पण चाळीसपैकी चाळीस झालेत,” व्यवस्थापकांचा आवाज आता चढला होता. “अहवाल छापून तयार आहे.”

“मग एकोणचाळीस लिहा,” मोजणीबाई म्हणाली. “सव्वीस वर्षं मोजतेय मी. जे नाही ते मी कधी मोजलं नाही.”

आणि ती खाली उतरली. कुणी टाळी वाजवली नाही, कुणी तिच्यामागून उठलं नाही. उलट जिन्यात इस्त्रीवाल्यानं तिला गाठलं. “कशाला हात दाखवून अवलक्षण करून घेतलंत? आता पुसा जिने!” त्या रात्री ती जेवली नाही.

पण झालं असं, की तो एक आकडा दोन्हीकडच्या साहेबांच्या घशात अडकला. करारात चाळीस होते. चाळीस भरल्याशिवाय कामाला ‘पूर्ण’ म्हणता येत नव्हतं. कंपनी म्हणाली, माणसं तुमची आहेत, समजवा. इस्पितळ म्हणालं, शिकवणं तुमचं काम आहे, शिकवा. आठवडाभर वरच्या मजल्यावर कागदी घोडे नाचले आणि शेवटी मोजणीबाईला केबिनमध्ये बोलावलं. दोघेही साहेब बसले होते.

“तुमचं नेमकं म्हणणं काय आहे?” अधीक्षकांनी विचारलं.

“दोन घरचा पाहुणा उपाशी, हेच म्हणणं आहे,” ती म्हणाली. “तुम्हाला वाटलं यांनी वाढलं, यांना वाटलं तुम्ही वाढलं. मला भूक आहे साहेब. मला शिकायचंय. पण वर सभागृहात नाही, माझ्या टेबलावर, काम चालू असताना. पंधरा दिवस. तोवर वही चालू राहील. आणि शिकवणाऱ्यानं हात पाठीमागे बांधायचे.”

“म्हणजे अटी तुम्ही घालणार?”

“शिकायचं मला आहे. मग कुणी घालायच्या?”

अधीक्षकांनी व्यवस्थापकांकडे पाहिलं. व्यवस्थापकांनी घड्याळाकडे पाहिलं. पंधरा दिवस मिळाले.

शिक्षिका खाली आली ती पहिल्या दिवशी वाफेनं गुदमरली. दुसऱ्या दिवशी तिला कळलं, की ओल्या बोटांना काच दाद देत नाही आणि धुलाईघरात कोरडं बोट कुणाचंच नसतं. मग टेबलाच्या कडेला एक फडकं बांधलं गेलं. पुसा, दाबा. मोजणीबाई चुकायची. मागे जायची, पुन्हा चुकायची. शिक्षिकेचे हात आपोआप पुढे यायचे.

“हात मागे,” मोजणीबाई न बघताच म्हणायची.

“मावशी, फक्त एकदाच दाखवते...”

“तोंडानं दाखव.”

चौथ्या दिवशी एक गठ्ठा मोजून झाल्यावर मोजणीबाई थांबली. “हे कुठे भरू?”

“काय?”

“आडवी.”

शिक्षिकेला काही कळेना. मोजणीबाईनं तिला गठ्ठ्यातली ती चादर काढून दाखवली, मधोमध हातभर फाटलेली. टॅब्लेटमध्ये दोनच रकाने होते, मळकी आणि स्वच्छ. ही धुतलेली होती, म्हणजे स्वच्छ. स्वच्छ म्हणजे थेट वॉर्डात. आज ना उद्या ही चादर कुणा आजारी माणसाच्या अंगाखाली गेली असती आणि नोटीस मोजणीबाईला आली असती, प्रशिक्षित असूनही.

“कुणी बनवलं हे?” तिनं विचारलं.

“कंपनीच्या मोठ्या कार्यालयात. तिथली टीम...”

“ते आलेले कधी इथं?”

“नाही,” शिक्षिका म्हणाली. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांना शेळी फाटकी आहे हे कसं दिसणार! पण ही मुलगी प्रामाणिक निघाली. संध्याकाळी तिनं स्वतः व्यवस्थापकांना आणि अधीक्षकांना खाली आणलं. करारावर सह्या झाल्यापासून ते दोघं एकत्र धुलाईघरात पहिल्यांदाच येत होते. मोजणीबाईनं त्यांच्यापुढे गठ्ठा ठेवला आणि मोजायला लावलं. दोघांनी मिळून मोजला. दहा म्हणाले. “नऊ,” ती म्हणाली आणि आडवी बाहेर ओढली.

तिसरा रकाना यायला नऊ दिवस लागले. त्यावर नाव मात्र छापलं ‘दुरुस्तीयोग्य’. धुलाईघर अजूनही त्याला आडवीच म्हणतं.

पंधराव्या दिवशी परीक्षा झाली, टेबलावरच, मशीन चालू ठेवून. शिक्षिका हात पाठीमागे बांधून उभी. इस्त्रीवालाही रूळ सोडून बघायला आला होता. मोजणीबाईला चाळीस मिनिटं लागली. एका प्रश्नावर ती इतका वेळ अडली, की इस्त्रीवाल्यालाच घाम फुटला. दहापैकी सात आले. पास व्हायला सहा लागत.

व्यवस्थापक आता मवाळ झाले होते. “बाई, आधीच्या नोंदीत नऊ आहेत. तेच राहू देऊ. प्रमाणपत्रावर बरं दिसेल.”

“सातच लिहा,” ती म्हणाली. “ते सात माझे आहेत.”

तिनं कागद घेतला. मग नाव नीट वाचून पाहिलं, कारण इतकं मोठं छापलेलं आपलं नाव तिनं कधी पाहिलं नव्हतं. इस्त्रीवाला जरा वेळ घुटमळला आणि मान खाली घालून शिक्षिकेला म्हणाला, “मला दहा आहेत. पण... उद्यापासून माझ्या रुळापाशी पण याल का?”

दुसऱ्या दिवशी दुपारी आचारीण डबा घेऊन आली, तसा तिनं टॅब्लेटही आणला होता. नोटिशीला उत्तर द्यायचं होतं आणि ते त्याच्यावरच लिहून पाठवायचं होतं. वाढवून मिळालेली मुदत त्या संध्याकाळपर्यंतची होती. शिक्षिकेनं आपल्या हातचं एक निवेदन सोबत जोडायला दिलं होतं, की आचारणीच्या परीक्षेतही उत्तरं मीच दाबली. आचारणीनं टॅब्लेट सरळ मोजणीबाईच्या मांडीवर ठेवला.

“तूच लिहून दे ना गं. तुला आता येतं.”

येत होतं. पाच मिनिटांत झालं असतं. मोजणीबाईनं टॅब्लेट उचलला, फडक्यानं काच पुसली आणि मैत्रिणीच्या हातात परत दिला. मग आपले दोन्ही हात पाठीमागे घेऊन एकात एक घट्ट अडकवले, कारण ते शिवशिवत होते.

“लिही,” ती म्हणाली. “संध्याकाळ व्हायला वेळ आहे. मी इथेच बसलेय.”