आईंना बालीला नेलं तेव्हा

सहलीच्या फॉर्मवर जोडीदाराच्या रकान्यात अहल्यानं सासूचं नाव लिहिलं. कंपनीच्या कारकुनानं ते दोनदा वाचलं.

"अहल्याबेन, इथं नवऱ्याचं नाव लिहायचं असतं."

"नवरा नाही. सासू आहे. चालेल ना?"

न चालायला काही कारण नव्हतं. वर्षभरात पाणी शुद्ध करणारी साठ यंत्रं विकणाऱ्या एजंटाला दोघांची परदेशवारी बक्षीस होती, आणि २००६ साली अहल्यानं चौसष्ट विकली होती. नवऱ्याला, सलीलला, जाऊन तेव्हा बारा वर्षं झाली होती. ती सगळी वर्षं बडोद्याच्या निजामपुऱ्यातल्या सोसायट्यांचे जिने चढण्यात, लोकांच्या ओट्यावर दोन ग्लास शेजारी शेजारी ठेवून "आता तुम्हीच बघा" म्हणण्यात गेली. ती घरी पोचायची तेव्हा कमलाबाईंनी खिचडी टाकलेली असायची. सासू-सुनेचं एकमेकींवाचून पान हलत नसे. पण तसं दोघींपैकी कुणी कधी बोलून दाखवलं नव्हतं.

बोलले ते धाकटे दीर, मांजलपूरचे जयवंतराव.

"वहिनी, आईचं वय बहात्तर. देवदर्शनाला नेलं असतंत तर समजू शकलो असतो. ज्वालामुखी कसले दाखवताय तिला?"

"त्या वर चढणार नाहीत, भाऊजी. बाजार बघतील."

"तुम्ही दिवसभर बाहेर, आई घरात एकटी. तिनं आता आमच्याकडे राहावं असं मला केव्हापासून वाटतंय. या प्रवासात काही कमीजास्त झालं, तर मग मी कुणाचं ऐकणार नाही."

कमलाबाई मेथी निवडत होत्या. "जयवंता, पासपोर्टच्या फोटोत कान दिसायला हवेत म्हणाला तो माणूस. माझे कान सगळ्या सरकारनं बघितले. आता जाऊ दे की."

जयवंतराव हसले नाहीत. घराची किल्ली मात्र मागून घेतली. कुंड्यांना पाणी घालायला येईन म्हणाले. पुढे विमानात बसल्यावरही त्यांचं ते 'कुणाचं ऐकणार नाही' अहल्याच्या मनातून गेलं नाही. आई मांजलपूरला राहायला गेल्या तर संध्याकाळी त्या घराचं कुलूप तिलाच उघडावं लागणार होतं.

बातूर ज्वालामुखीवर चढायच्या दिवशी बसमध्ये सगळे एकच विचारत होते, "पावागढसारखंच ना?"

"पावागढला पायऱ्या आहेत, मासी," सहलीची व्यवस्था बघायला आलेला आनंद म्हणाला. "आणि दमलात तर रोपवे. इथं दोन्ही नाही."

खरंच नव्हतं. काळी, कुरकुरीत खडी; दोन पावलं वर टाकावीत तर एक पाऊल खाली घसरायचं. वर पोचल्यावर अहल्याला आधी स्वतःचा श्वासच ऐकू आला. मग खालचं तळं दिसलं, त्यावरून सरकणारं ढगाचं पांढरं धुकट, आणि पायाशी विवराचा खोल, करपलेला काठ. खडकाच्या भेगेतून वाफ येत होती. वाटाड्यानं त्या वाफेत अंडी उकडायला ठेवली होती. अहल्या अंडी खात नव्हती. तिनं नुसता हात धरला. ओली, मऊ ऊब होती. इतके जिने चढली होती ती, पण वर पोचून कुणाची बेल वाजवायची नाही असा हा पहिलाच चढ. ती बराच वेळ तशीच उभी राहिली, आणि तेवढा वेळ तिला जयवंतराव आठवले नाहीत.

न चढणाऱ्या मंडळींना दुसऱ्या बसनं दहा वाजताच बाजारात नेलं होतं. चढणारे तिथं एकला पोचले. चौकातल्या मोठ्या वडाखाली आईंनी बसून राहायचं ठरलं होतं. वडाखाली एक कुत्रं झोपलं होतं.

"हमणां तो अहीं ज हतां बा!" हातात बाटिक कापडाच्या चार पिशव्या घेतलेल्या, सहलीतल्या तारुबेन म्हणाल्या. आत्ता तर इथंच होत्या. पण 'आत्ता' म्हणजे केव्हा, ते त्यांना सांगता येईना.

अहल्या एकेका गल्लीत शिरू लागली. लाकडी मांजरांची गल्ली. डोळे वटारलेल्या मुखवट्यांची. शिंपल्यांच्या झुलत्या, किणकिणणाऱ्या माळांची. दुकानदारणी "मॅडम, मॅडम" करत हाताला धरत होत्या आणि ती त्यांना मराठीतच विचारत होती, "नऊवारी नेसलेली बाई बघितलीत का?" पाऊण तास झाला. आईंना तिथली भाषा येत नव्हती, इंग्रजी येत नव्हतं, हॉटेलचं नावही नीट उच्चारता येत नव्हतं.

चौकात परतली तेव्हा आनंदचा फोन वाजत होता. त्यानं ऐकलं आणि तो तिच्यापुढे धरला.

"बडोद्याहून. तुमचे दीर."

अहल्यानं फोन कानाला लावला.

"वहिनी, आई हरवलीय का?"

नाही म्हणावं असं क्षणभर वाटलं. "हो, भाऊजी."

"नाही हरवली. मुखवट्यांच्या गल्लीमागे देऊळ आहे म्हणे, त्याला लागून टोपल्यांचं दुकान. तिथं बसलीय."

"तुम्हाला कसं कळलं?"

"मी तुमच्याकडे तुळशीला पाणी घालत होतो. फोन वाजला. कुणी बाई इंग्रजीत 'मामा, मामा' करत होती, म्हणजे आईबद्दल. आईनं तिला कार्ड दाखवलं, त्यावरचा नंबर तिनं फिरवला. आनंदचा नंबर इथं फोनपाशी लिहिलेला होता."

आता अहल्याच्या ध्यानात आलं. सकाळी घाईघाईत तिनं आईंच्या बटव्यात हॉटेलचं म्हणून जे कार्ड सरकवलं, ते तिचं स्वतःचं होतं. बारा वर्षांत हाताला पर्समधून तेच काढायची सवय. पाणी शुद्ध करा, निजामपुरा, बडोदे.

 आता भाऊजींचं ते 'कुणाचं ऐकणार नाही' येणार, म्हणून ती डोळे मिटून उभी राहिली.

"मी आईला म्हटलं, झालं ना शेवटी? आता माझ्याकडे चल. तर म्हणाली, तुझ्या चौथ्या मजल्यावर मला हरवायलासुद्धा जागा नाही." थोड्या वेळानं त्यांचं हसू ऐकू आलं; आधी अडखळत, मग मोकळं. "जा, घेऊन या. आणि वहिनी, तिला रागावू नका."

टोपल्यांच्या दुकानात तीन बायका चटईवर बसून नारळाच्या कोवळ्या पानांचे नैवेद्याचे चिमुकले द्रोण करत होत्या. चौथ्या कमलाबाई. समोर त्यांनी केलेल्या द्रोणांची चळत.

"आलीस? बाथरूम शोधत आले आणि दुसऱ्याच दारानं बाहेर पडले. मग वडच दिसेना." मान वर न करता त्यांनी पानात काडी टोचली. "सावली गावात खाखऱ्याच्या, म्हणजे पळसाच्या पानांचे आम्ही अस्सेच टाचायचो. ही मला शिकवायला निघाली होती!"

अहल्या चटईच्या कडेला बसली. रडू आवरेना.

"तू कशाला रडतेस? हरवले मी."

शेजारच्या बाईनं पाण्याचा पेला पुढे केला. अहल्या तो घटाघटा प्यायली. पाणी कसं आहे ते बघितलंसुद्धा नाही.

"जयवंताला सांगितलंय," कमलाबाई म्हणाल्या, "दिवाळीला येईन, चार दिवस. चारच. पाचव्या दिवशी माझी वाट बघणारं माणूस आहे म्हटलं."

 अहल्यानं बुटाची नाडी सोडली, बूट उपडा केला. मूठभर काळी खडी खळखळत बाहेर आली.

"अगं, त्यांच्या चटईवर नको!" कमलाबाई म्हणाल्या.